आकडा वाढला, म्हणजे दगड जवळ आला का?

मुलांनो, फेब्रुवारी महिन्यात कधी नंदुरबारला गेला आहात? गावाबाहेर मिरचीच्या पथारी पसरलेल्या असतात. नजर जाईल तिथे नुसते लालच लाल! वाऱ्याची एक झुळूक आली, की रस्त्याने जाणारा पाहुणा शिंकून शिंकून बेजार होतो. तिथली मुले मात्र खुशाल खेळत असतात. त्यांना त्या वासाची सवयच असते.

२०२५ सालच्या फेब्रुवारीत मात्र मिरचीपेक्षाही झणझणीत अशी एक बातमी घरोघरच्या मोबाइलवर येऊन पडली. आकाशातून एक मोठा दगड येतो आहे, २२ डिसेंबर २०३२ या दिवशी तो पृथ्वीवर आदळू शकतो, आणि धोक्याच्या पट्ट्यात मुंबईसुद्धा आहे! मुंबईहून नंदुरबार सरळ रेषेत मोजले तर सुमारे ३०० किलोमीटर. मग काय विचारता? "मुंबईचं असं, तर आपलं कसं?" हा प्रश्न मोठ्यांनाही पडला आणि छोट्यांनाही.

त्यातून आणखी एक गोष्ट सगळ्यांना घाबरवत होती. दर दोन-चार दिवसांनी टकरीच्या शक्यतेचा आकडा वाढत होता. आधी १ टक्का, मग २ टक्के, मग ३ टक्के. जणू दगड एकेक पाऊल पुढे टाकतोय आणि आपण नुसते बघत बसलोय!

पण खरी गंमत पुढेच आहे. आकडा वाढत होता त्याच दिवसांत तो दगड आपल्यापासून लांब लांब जात होता. होय, लांब! मग आकडा का वाढला? आणि शेवटी काय झाले? चला, हे कोडे आज आपण सोडवू या. त्यासाठी लागेल रुपयाचे एक नाणे, थोडी बेरीज-वजाबाकी आणि थोडा धीर.

पाहुणा येऊन गेला, मग दिसला

त्या दगडाचे नाव २०२४ वायआर-४. गाडीच्या नंबरासारखे हे नाव! सूर्याभोवती फिरणाऱ्या अशा दगडांना आपण लघुग्रह म्हणतो. बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात फिरत असतात. पण काहींच्या वाटा पृथ्वीच्या वाटेजवळून जातात. २०२४ वायआर-४ हा त्यांपैकीच एक.

२७ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात 'ॲटलास' नावाच्या प्रकल्पाच्या दुर्बिणीने तो टिपला. या प्रकल्पाच्या दुर्बिणी आकाशाच्या त्याच भागाची छायाचित्रे थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा घेतात. तारे आपापल्या जागी असतात. एखादा ठिपका जागा बदलताना दिसला, की समजायचे, हा तारा नव्हे, हा कुणीतरी प्रवासी आहे.

पण तोवर हा प्रवासी आपल्या दारावरून पुढे गेला होता. दोनच दिवस आधी, २५ डिसेंबरला, तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख ३० हजार किलोमीटरवरून निघून गेला. म्हणजे चंद्राच्या दुपटीहून जास्त अंतरावरून. मग आधी का नाही दिसला? कारण तो सूर्याच्या बाजूने आला. समोरून येणाऱ्या मोटारीचे प्रखर दिवे डोळ्यांवर आले, की तिच्या बाजूने चालणारा माणूस दिसतो का? तसेच हे.

आता तो दूर चालला होता, अंधूक होत होता. त्याची सूर्याभोवतीची एक फेरी साधारण चार वर्षांची. म्हणजे पुन्हा २०२८ च्या अखेरीस जवळपास येणार, आणि त्याच्या पुढची फेरी २०३२ ची. खरी चिंता होती ती याच फेरीची.

रूळ आणि बैलगाडी

आता एक चित्र डोळ्यांसमोर आणा. सुरत-भुसावळ लोहमार्ग नंदुरबारवरून जातो. समजा, या रुळांना आडवा जाणारा एक गाडीरस्ता आहे आणि तिथे फाटक नाही. रूळ आणि रस्ता एकमेकांना छेदतात, म्हणून रोज टक्कर होते का? नाही. आगगाडी आणि बैलगाडी दोघेही अगदी त्याच क्षणी त्या जागी यावे लागतात. आगगाडी गेल्यावर पाच मिनिटांनी बैलगाडी आली, तर गाडीवान आरामात गाणे म्हणत रूळ ओलांडेल.

पृथ्वी ही आपली आगगाडी. ती सूर्याभोवती सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर या वेगाने धावते. तिचा व्यास आहे १२,७५६ किलोमीटर. करा भागाकार! स्वतःच्या रुंदीएवढे अंतर कापायला पृथ्वीला सुमारे ४२५ सेकंद लागतात. म्हणजे फक्त सात मिनिटे.

याचा अर्थ काय? लघुग्रह त्या चौकात सात-आठ मिनिटे जरी लवकर किंवा उशिरा पोचला, तरी टक्कर टळते. आणि शास्त्रज्ञांना हे सांगायचे होते आठ वर्षे आधी! आपल्याला उद्याची एसटी किती वाजता येईल ते पक्के सांगता येत नाही, आणि इथे आठ वर्षांनंतरची सात मिनिटे ओळखायची.

समजा, त्या दगडाच्या एका फेरीला लागणारा वेळ मोजताना अर्ध्या तासाची चूक झाली. दोन फेऱ्यांत ती चूक झाली एक तासाची. एका तासात पृथ्वी एक लाख किलोमीटरहून पुढे निघून जाते, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या आठपट! म्हणून सुरुवातीला शास्त्रज्ञ 'दगड अमुक ठिकाणी असेल' असे म्हणत नाहीत. ते एक लांबलचक पट्टी काढतात आणि म्हणतात, '२२ डिसेंबर २०३२ ला तो या पट्टीत कुठेतरी असेल.' त्या पट्टीवर कुठेतरी पृथ्वीही होती. म्हणून आली टकरीची शक्यता.

किल्ली आणि विहीर

आता येऊ या मूळ कोड्याकडे. आकडा का वाढला?

समजा, तुम्ही शाळेतून शेतातल्या पाऊलवाटेने घरी आलात आणि पाहता तो काय, खिशातली किल्ली गायब! वाट बरोबर १०० पावलांची आहे. वाटेत एका ठिकाणी पावलाएवढी रुंद, उघडी जुनी विहीर आहे. किल्ली विहिरीत तर पडली नसेल? १०० पावलांपैकी १ पाऊल विहिरीचे. म्हणजे शक्यता शंभरात एक, १ टक्का.

तुम्ही घराकडून शोधायला लागता. ५० पावले शोधली, किल्ली नाही. विहीर अजून पुढेच आहे. आता उरली ५० पावले, त्यांतले १ विहिरीचे. शक्यता झाली ५० त एक, म्हणजे २ टक्के! आणखी १८ पावले शोधली. उरली ३२. शक्यता ३२ त एक, म्हणजे ३.१ टक्के!

बघा हं, किल्ली जागची हललेली नाही. ती जिथे पडायची तिथे आधीच पडली आहे. विहीरही हललेली नाही. बदलले ते फक्त तुमचे शोधणे. जसजशी शोधायची जागा कमी झाली, तसतशी विहिरीची शंका वाढत गेली. आणि मग एकदम विहिरीच्या अलीकडे दहा पावलांवर गवतात काहीतरी चमकते. किल्ली! शक्यता ३ वरून २ वर, मग १ वर अशी पायऱ्या उतरत येत नाही. ती धप्पकन शून्यावर येते.

२०२४ वायआर-४ चे अगदी असेच झाले. नवनवीन निरीक्षणे येत गेली, पट्टी आखूड होत गेली. पण पृथ्वी अजून त्या पट्टीवरच होती. म्हणून आकडा वाढत गेला. दगड जवळ येत नव्हता, आपले अज्ञान कमी होत होते.

माघी पौर्णिमेचा अडथळा

आता खरे आकडे तारखांसह पाहा. जानेवारी २०२५ च्या अखेरीस शक्यता १ टक्क्याच्या वर गेली. १ टक्का ही एक ठरलेली रेघ आहे. ती ओलांडली, की जगभरच्या वेधशाळांचे लघुग्रह-इशारा जाळे सूचना काढते. २९ जानेवारीला अशी सूचना निघाली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आकडा दोनाच्या पुढे सरकला.

मग मध्येच एक अडचण आली. १२ फेब्रुवारीला होती माघी पौर्णिमा. लख्ख चांदण्यात अंधूक लघुग्रह दुर्बिणीलाही नीट दिसत नाही. काही दिवस थांबावे लागले. चंद्र उतरणीला लागल्यावर मोठ्या दुर्बिणी पुन्हा कामाला लागल्या. १८ फेब्रुवारीला अमेरिकेच्या नासा संस्थेचा आकडा आला ३.१ टक्के. एवढ्या मोठ्या लघुग्रहासाठी इतका मोठा आकडा याआधी कधीच निघाला नव्हता. बातम्या आणि मोबाइलवरचे निरोप यांचा पूर आला तो याच दिवशी.

आणि दुसऱ्या दिवशी? १९ फेब्रुवारीला १.५ टक्के. २० फेब्रुवारीला ०.२८ टक्के. २४ फेब्रुवारीला ०.००४ टक्के, म्हणजे पंचवीस हजारांत एक. किल्ली गवतात सापडली होती! २०३२ मध्ये हा दगड पृथ्वीवर आदळण्याची भीती उरली नाही.

पृथ्वी सुटली, पण जून २०२५ मध्ये तोच दगड चंद्रावर आदळण्याची शक्यता ४.३ टक्के निघाली होती. तो आकडा आपल्या पृथ्वीचा नव्हता. पण रीत तीच. चंद्र ही त्याच वाटेवरची दुसरी विहीर. तिचा निकालही शोधूनच लावावा लागतो.

खेदाची गोष्ट एकच. 'धोका वाढला' हा निरोप ज्यांनी ज्यांनी धाडला, त्यांच्यापैकी कितीजणांनी 'धोका टळला' हा निरोपही धाडला? तुमच्या घरी तरी दुसरा निरोप आला होता का, आठवा बरे.

पाच वेळा छापा

३.१ टक्के म्हणजे नक्की किती? हे हातानेच समजून घेऊ. रुपयाचे नाणे घ्या आणि ओळीने पाच वेळा उडवा. पाचही वेळा छापाच पडला पाहिजे. मध्ये एकदा जरी काटा पडला, तर डाव बाद. असा डाव जिंकण्याची शक्यता असते ३२ त एक. म्हणजे ३.१ टक्केच!

घरातले सगळे मिळून ३२ डाव खेळा आणि वहीत टिपून ठेवा. कधी एकदा जिंकाल, कधी दोनदा, कधी एकदाही नाही. त्यातून तुम्हाला दोन गोष्टी कळतील. एक, हा डाव सहजासहजी जिंकता येत नाही. दोन, तो कधीच जिंकता येत नाही असेही नाही. म्हणून शास्त्रज्ञ घाबरले नाहीत आणि हात जोडून स्वस्थही बसले नाहीत.

आता ०.००४ टक्क्यासाठी काय करावे लागेल? नाणे ओळीने चौदा-पंधरा वेळा उडवून प्रत्येक वेळी छापा आणावा लागेल. बघा बरे जमते का! जमले तर आम्हाला जरूर कळवा.

आणि मुंबईचे काय? ते ३.१ टक्के होते सगळ्या पृथ्वीसाठी. धोक्याचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक महासागर, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया असा हजारो किलोमीटर पसरला होता. त्यातला कितीतरी भाग नुसते पाणी. या पट्ट्याचे १०० सारखे तुकडे केले, तर एका तुकड्याच्या वाट्याला येतात ०.०३१ टक्के. एका शहराच्या वाट्याला तर त्याहूनही कमी. 'मुंबई पट्ट्यात आहे' आणि 'मुंबईवर पडणार' या दोन वाक्यांत केवढा फरक आहे, पाहा!

शक्यता किती आणि नुकसान किती?

धोका मोजताना नुसती शक्यता पाहून भागत नाही. डोक्यावर बोर पडण्याची शक्यता मोठी असली, तरी कुणी बोरीखाली हेल्मेट घालून बसत नाही. पण नारळाच्या झाडाखाली कुणी सतरंजी पसरत नाही. शक्यता आणि नुकसान, दोन्ही मिळून धोका ठरतो. त्यासाठी शास्त्रज्ञांनी ० ते १० अशी 'टोरिनो श्रेणी' बनवली आहे. २०२४ वायआर-४ ला काही दिवस त्यात ३ हा आकडा मिळाला होता. मग तो ० वर आला.

दगड केवढा होता? सुरुवातीला म्हणत होते, ४० ते ९० मीटर. एवढा फरक का? कारण दुर्बिणीला फक्त उजेड दिसतो. लहान पांढरा दगड आणि मोठा काळा दगड लांबून सारखेच उजळ दिसतात. मार्च २०२५ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने त्याची उष्णता मोजली. तेव्हा उत्तर मिळाले, सुमारे ६० मीटर. म्हणजे पंधरा-वीस मजली इमारतीएवढा.

असा दगड पडला तर? ३० जून १९०८ रोजी सैबेरियातल्या तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर असाच एक दगड हवेत फुटला. तो पन्नास-साठ मीटरांच्या आसपास असावा. सुमारे २,००० चौरस किलोमीटरमधले जंगल आडवे झाले. चारही बाजू ४५ किलोमीटर असा एक चौकोन काढा. त्याची एकच बाजू नंदुरबार ते शहादा या अंतराहून मोठी भरेल. सारी पृथ्वी नष्ट होणार नाही, पण एखादा तालुका उद्ध्वस्त होईल. म्हणून अशा दगडाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

लहान दगडही कमी नसतात बरं का. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर अवघा १८ ते २० मीटरचा दगड हवेत फुटला. सूर्याच्या बाजूने आल्यामुळे तो आधी कुणालाच दिसला नव्हता. आकाशात डोळे दिपवणारा झोत दिसला. काय झाले ते पाहायला लोक खिडक्यांशी धावले. आणि दोनेक मिनिटांनी हवेचा दणका आला! तावदाने फुटली आणि दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले. बहुतेकांना लागल्या त्या काचा. प्रकाश आधी पोचतो, दणका मागून येतो. वीज चमकल्यावर गडगडाट मागून येतो ना, तसेच. म्हणून एवढे मात्र पाठ करून ठेवा: आकाशात भलताच मोठा झोत दिसला, तर खिडकीशी धावू नका. काचांपासून लांब, भिंतीच्या आडोशाला जमिनीवर बसा.

आपल्या घरचे पुरावे

तुम्ही म्हणाल, सैबेरिया नि रशिया सोडा, आपल्याकडे कधी असे काही पडले आहे का?

पडले आहे तर! बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर अशाच टकरीने तयार झाले. १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर काळ्या बेसॉल्ट खडकात आहे. ज्या काळ्या खडकावर आपला सातपुडा नि खानदेश उभा आहे, त्याच जातीचा हा खडक. विवराच्या वयाविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काही म्हणतात ५० हजार वर्षे, तर काही म्हणतात पावणेसहा लाख वर्षे. एवढ्या काळात असे विवर महाराष्ट्रात एकच! मोठे दगड किती क्वचित पडतात, ते यावरून कळते.

खानदेशाच्या वाट्यालाही एक छोटा पाहुणा आला होता. १८४३ साली आताच्या जळगाव जिल्ह्यातल्या मानेगाव इथे आकाशातून दगड पडला. असा जमिनीवर पोचलेला दगड म्हणजे अशनी. मानेगावचा अशनी साध्या जातीचा नाही. त्या जातीचे अशनी 'वेस्टा' नावाच्या मोठ्या लघुग्रहाचे तुकडे असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात. कुठे मंगळापलीकडचा वेस्टा आणि कुठे आपले मानेगाव!

सात मिनिटांचा उशीर

समजा, २०२५ च्या फेब्रुवारीत किल्ली गवतात सापडली नसती. आकडा ५, १०, ५० असा चढत गेला असता. तर?

तर आपल्या हाती सर्वांत मोठी गोष्ट असती, ती म्हणजे वेळ. सात-आठ वर्षे! बैलगाडी आणि आगगाडीचे चित्र पुन्हा आठवा. टक्कर टाळायला बैलगाडी मोडावी लागत नाही. तिला थोडा उशीर केला तरी पुरते. आकाशातल्या दगडालाही वर्षानुवर्षे आधी हलकासा धक्का दिला, की त्याचा वेग किंचित बदलतो. तो बदल साठत साठत पुढे काही मिनिटांचा होतो. आणि आपल्याला हवी असतात फक्त सात मिनिटे.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाने 'डार्ट' नावाचे यान डिमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले. डिमॉर्फस एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी मारत असे. धक्क्यानंतर ती फेरी अर्ध्या तासाहून जास्त वेळाने कमी झाली. माणसाने आकाशातल्या दगडाचे वेळापत्रक पहिल्यांदाच बदलले!

पण हे सगळे केव्हा? दगड आधी सापडला तर. न दिसलेल्या दगडाला धक्का कोण देणार? म्हणून सर्वांत मोठे काम आहे ते नुसते पाहत राहण्याचे. टक्का वाढतो याची भीती नाही; ज्याचा टक्का काढताच आला नाही, त्या दगडाची खरी भीती. चेल्याबिन्स्कचा दगड तसाच होता.

पाहणारे डोळे आपलेही आहेत

हे काम फक्त परदेशातली मोठी माणसे करतात असे समजू नका. ऑगस्ट २०२० मध्ये आयआयटी मुंबईचे दोन विद्यार्थी, कुणाल देशमुख आणि कृती शर्मा, कॅलिफोर्नियातल्या एका दुर्बिणीने काढलेली छायाचित्रे तपासत होते. त्यांना एक लांबट रेघ दिसली. तो होता जेमतेम ३ ते ६ मीटरचा लघुग्रह, २०२० क्यूजी. काही तासांपूर्वीच तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून फक्त २,९५० किलोमीटरवरून गेला होता. इतक्या जवळून जाऊनही न आदळलेला लघुग्रह तोवर कुणीच पाहिला नव्हता!

याहून जवळचे उदाहरण हवे? नंदुरबारहून गाडीत बसा आणि सुरतला उतरा. जुलै २०२० मध्ये सुरतच्या दहावीतल्या दोन मुलींची बातमी आली होती. विद्यार्थ्यांसाठीच्या एका शोधमोहिमेत त्यांनी हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रे संगणकावर तपासली आणि त्यांत एक सरकणारा नवा ठिपका शोधून काढला. दुर्बीण हजारो किलोमीटरवर, पण नजर मात्र शाळकरी मुलींची! अशा मोहिमा अधूनमधून होत असतात. तुमच्या विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना विचारून ठेवा.

आणि तोवर? १३-१४ डिसेंबरच्या रात्री मोठ्या माणसांना सोबत घेऊन गच्चीवर किंवा अंगणात बसा. सातपुड्यातल्या तोरणमाळसारख्या अंधाऱ्या जागी राहणारी मुले तर भाग्यवान! त्या रात्री मिथुन राशीच्या दिशेने उल्कांचा वर्षाव दिसतो. त्या उल्का म्हणजे 'फेथॉन' या लघुग्रहाची धूळ. रेतीच्या कणांएवढे तुकडे वातावरणात जळून जातात आणि आपल्याला दिसते चमचमती रेघ. आकाशातला प्रत्येक पाहुणा काही शत्रू नसतो.

पुढच्या वेळी तीन प्रश्न

अशी बातमी पुन्हा येणार, नक्की येणार. दुर्बिणी जितक्या चांगल्या होतील, तितके जास्त दगड सापडतील. तेव्हा आई-बाबांच्या मोबाइलवर निरोप आला, की तो पुढे धाडण्याआधी त्यांना हे तीन प्रश्न विचारा.

पहिला : हा आकडा कोणत्या तारखेचा? १८ फेब्रुवारीचा आकडा २० फेब्रुवारीला शिळा झाला होता.

दुसरा : दगड केवढा आहे आणि तारीख किती लांबची आहे? वेळ हाती असेल, तर उपायही हाती असतात.

तिसरा : आता पुढचे निरीक्षण केव्हा? पट्टी अजून आखूड व्हायची आहे का?

या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की समजेल घाबरायचे की थांबून पाहायचे. बहुतेक वेळा थांबून पाहायचेच असते.

म्हणजे मुलांनो, किल्ली हरवली तर रडत बसायचे नाही आणि 'विहिरीतच पडली' असे गावभर ओरडतही सुटायचे नाही. वाट शोधत जायचे, एकेक पाऊल. काय, पटले ना? मग काढा ते रुपयाचे नाणे. छापा की काटा?